आकृती फिरते तेव्हा
(प्रस्तावना)

मराठी शाळेच्या फळ्यावरचे त्रिकोण मोठे शिस्तीचे असतात. पाया खाली, आडवा, शिरोबिंदू वर, काटकोन असेल तर तो बहुधा खाली डाव्या कोपऱ्यात. चौरसाच्या बाजू फळ्याच्या कडांना समांतर. समांतरभुज चौकोन उजवीकडे कललेला. वर्षानुवर्षे हीच ठेवण पाहिलेल्या मुलापुढे एखाद्या दिवशी तोच चौरस एका कोपऱ्यावर उभा केलेला येतो आणि ते बिनदिक्कत सांगते, "ही शंकरपाळी." बाजू मोजायला सांगा, मोजते, चारही सारख्या भरतात. गुण्या लावायला सांगा, लावते. चारही काटकोन निघतात. तरी नाव बदलायला ते राजी नसते. चौरस कसा दिसतो हे त्याला पक्के ठाऊक आहे, आणि समोरची आकृती तशी दिसत नाही.

आकृती फिरवली की तिचे काय बदलते आणि काय जसेच्या तसे राहते, एवढाच या पुस्तकाचा प्रश्न. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतले पाचवी ते दहावीचे वर्ग डोळ्यांपुढे ठेवून ते लिहिले आहे, म्हणून उदाहरणे इथल्या विहिरींची, फुलांची आणि कारखान्यांची आहेत. प्रश्न लहान दिसतो. पण त्याचा माग काढत गेले की युक्लिड भेटतो, भास्कराचार्य भेटतात, एकोणिसाव्या शतकात भूमितीची व्याख्याच बदलणारा एक जर्मन गणिती भेटतो, आणि शेवटी भाजीवाल्याच्या गाड्यावर चिकटवलेला पैसे भरायचा चौकोनही भेटतो.

शंकरपाळी म्हणणाऱ्या मुलाला हसण्यात अर्थ नाही. कोपऱ्यावर उभा केलेला चौरस डोळ्याला वेगळाच वाटतो, ही गोष्ट अर्न्स्ट माख या पदार्थवैज्ञानिकाने 1886 मध्ये नोंदवून ठेवली आहे, आणि तो प्रौढ माणसांच्या डोळ्यांबद्दल बोलत होता. पुढे हॉलंडमधल्या पिएर आणि दिना व्हॅन हिले या शिक्षक दांपत्याने 1957 मध्ये आपले प्रबंध सादर केले. भूमिती शिकताना मूल पायऱ्या चढत जाते, असे त्यांचे म्हणणे. पहिल्या पायरीवर आकृती एकसंध चित्र म्हणून ओळखली जाते, जसा आपण ओळखीचा चेहरा ओळखतो. दुसऱ्या पायरीवर त्या चित्राचे गुणधर्म सुटे दिसू लागतात. त्यानंतर कुठे गुणधर्मांची एकमेकांशी सांगड बसते, आणि सिद्धता लिहिण्याची तयारी त्याच्याही पुढे. आपले शंकरपाळीवाले मूल पहिल्या पायरीवर उभे असते. त्याला व्याख्या पाठ करायला लावून ते वर सरकत नाही. कागद फिरवून दिला तर सरकते, असा आमचा अनुभव आहे.

तेव्हा आधी कागदच फिरवू. वहीवर एक त्रिकोण काढा, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून तो गिरवा, कुठेही एक टाचणी खुपसा आणि वरचा कागद फिरवा. टाचणी त्रिकोणाच्या आत असो, बाहेर असो की शिरोबिंदूवर, बाजूंच्या लांबीला काही होत नाही. कोन तेवढेच राहतात, परिमिती आणि क्षेत्रफळही तेवढेच. समांतर रेषा समांतर राहतात, मध्यबिंदू मध्यबिंदूच राहतो. आणखी एक गोष्ट टिकते, तिच्याकडे वर्गात कुणाचे फारसे लक्ष जात नाही: अ, ब, क हे बिंदू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने लावलेले असतील तर फिरवल्यावरही ते त्याच क्रमाने येतात. आरशात मात्र तो क्रम उलटतो. फिरवणे आणि पालटणे यांतला खरा फरक इथे आहे, आणि शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीत आरशातली प्रतिमा आणि फिरवलेली आकृती यांत घोळ घालणारी मुले नेमकी इथेच अडखळतात.

बदलते काय? आडवी बाजू तिरकी होते. रेषेचा चढ बदलतो. बिंदूंचे निर्देशक बदलतात. 'पाया' म्हणून धरलेली बाजू वर जाऊन बसते. म्हणजे जे बदलले त्याचा त्रिकोणाशी संबंध नव्हता. संबंध होता वहीच्या रेघांशी, फळ्याच्या कडांशी, अक्षांशी. त्रिकोणाला पाया नसतोच. क्षेत्रफळ काढायला सोयीची म्हणून आपण एक बाजू पाया मानतो, आणि तिन्हींपैकी कोणतीही मानता येते. ही गोष्ट सांगून पटत नाही. विशालकोन त्रिकोणात बाहेर पडणारा शिरोलंब काढताना वही फिरवायची सवय लागली की आपोआप पटते. शिक्षक मंडळींना विनंती एवढीच, की मुलाने वही तिरकी धरली म्हणून त्याला सरळ बसायला सांगू नका.

आता घराबाहेर पडू. साताऱ्याहून पुण्याच्या वाटेवर, महामार्गापासून थोडे आत, लिंब गावाच्या हद्दीत बारा मोटांची विहीर आहे. शके 1641 ते 1646, म्हणजे इसवी सन 1719 ते 1724 या काळात वीरुबाई भोसले यांनी ती बांधवली. मुख्य विहीर अष्टकोनी आहे. समजा, तिच्या मध्यावर टाचणी टोचली आणि नकाशा 45 अंशांनी फिरवला, तर अष्टकोन स्वतःवर तंतोतंत बसेल. एका पूर्ण फेरीत असे आठदा होईल. पण विहीर तिथे संपत नाही. अष्टकोनाला जोडून येणारा जिन्याचा मार्ग आहे, वर छोटा महाल आहे, पलीकडे दुसरी आयताकार विहीर आहे, आणि सगळा आराखडा मिळून शिवलिंगासारखा होतो. हा पूर्ण नकाशा 45 अंशांनी फिरवा, तो स्वतःवर बसत नाही. 180 अंशांनीही नाही. उरतो तो फक्त आरसा: मधोमध लांबीच्या दिशेने रेघ ओढली की दोन्ही बाजू सारख्या. अष्टकोनाच्या अंगी आठ फेरे आणि आठ आरसे होते; एका बाजूला जिना येऊन मिळाला आणि त्यातला एक आरसा तेवढा शिल्लक राहिला. मुलांना घेऊन विहीर पाहायला जाणाऱ्यांनी वर येऊन नकाशा काढायला लावावा. ज्यांनी फक्त अष्टकोन काढला आणि ज्यांनी जिन्यासकट सगळे काढले, त्यांची आपसात चांगली जुंपते.

कास पठारावर पावसाळा सरता सरता दुसरा धडा मिळतो. तिथली सीतेची आसवे, तो निळसर जांभळा चिमुकला फुलोरा, जवळून पाहिला तर प्रत्येक फुलाला वरचा ओठ आणि खालचा ओठ असतो. लोक ज्याला मिकी माउस म्हणतात ते पिवळे फूल दोन तांबड्या ठिपक्यांनी ओळखू येते. दोन्ही फुलांना आरसा आहे, पण फेरा नाही. मिकी माउस उलटे धरा, कान खाली गेले की गंमत गेली. उलट, ज्या फुलाच्या पाकळ्या मध्याभोवती सारख्या अंतराने मांडलेल्या असतात ते कोणत्या बाजूने खुडले हे ओळखता येत नाही. वनस्पतिशास्त्रात फुलांची ही विभागणी महत्त्वाची मानतात, कारण परागण करणारा कीटक फुलावर कसा उतरतो याच्याशी तिचा संबंध असतो.

तिसरा प्रकार सांगली जिल्ह्यात मुबलक आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक आरेखन शिकवत असत. 1910 मध्ये त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. तिथे पुढे जे पंप बनू लागले त्यांच्या पोटात इंपेलर नावाचे चाक असते, वक्र पात्यांचे. सहा पाती असतील तर 60 अंशांनी फिरवल्यावर ते स्वतःवर बसते. मात्र त्याला आरसा नाही. सगळी पाती एकाच बाजूला वळलेली असतात. आरशात पाहिले तर ती दुसऱ्या बाजूला वळतात आणि ते वेगळे चाक होते. ज्याच्या विहिरीवर तीन फेजची मोटर आहे त्या शेतकऱ्याला ही भूमिती हिशेबाने नाही तरी पाण्याने कळते: फेजच्या तारा उलटसुलट जोडल्या गेल्या की मोटर उलटी फिरते, चाक तेच, वेग तोच, पण पाण्याची धार मंदावते. मग दोन तारांची अदलाबदल करायची. सातारा जिल्ह्यात वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर, तसेच कवठे महांकाळच्या ढालगाव बाजूला ज्या पवनचक्क्या उभ्या आहेत त्यांचेही तेच. तीन पाती, 120 अंशांचा फेरा. पण पात्याला पीळ असल्यामुळे आरसा नाही. एसटीच्या खिडकीतून पाहून पवनचक्की काढणारी मुले तीन साध्या पट्ट्या काढतात, आणि मग त्या चित्रातली चक्की कोणत्या दिशेने फिरेल हे कुणालाच सांगता येत नाही.

विहिरीच्या अष्टकोनाला दोन्ही, फुलाला फक्त आरसा, इंपेलरला फक्त फेरा. शाळेत सममितीची ओळख बहुधा आरशापासून, घडी घातलेल्या कागदापासून आणि शाईच्या डागापासून होते आणि पुष्कळदा तिथेच थांबते. समांतरभुज चौकोनाला सममिती आहे का, असे नववीत विचारले तर 'नाही' हे उत्तर यावे ही त्याचीच फळे. कर्ण जिथे छेदतात तिथे टाचणी लावून अर्धा फेरा द्या, समांतरभुज चौकोन स्वतःवर बसतो. संमुख बाजू समान, संमुख कोन समान, कर्ण परस्परांना दुभागतात, ही तीन वेगळी पाठ केलेली वाक्ये त्या एका अर्ध्या फेऱ्यातून एकदम बाहेर पडतात.

इतक्या उपयोगी गोष्टीला भूमितीने दाराबाहेर का ठेवले, याची कथा जुनी आहे. युक्लिडच्या 'मूलतत्त्वे' या ग्रंथातले पहिल्या भागातले चौथे प्रमेय म्हणजे आपली बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटी. ते सिद्ध करताना युक्लिड एक त्रिकोण उचलून दुसऱ्यावर ठेवतो. पण ते त्याला स्वतःलाच फारसे रुचलेले दिसत नाही, कारण त्यानंतर ही युक्ती तो होता होईल तो टाळतो. गंमत म्हणजे अकराव्या भागात गोलाची व्याख्या करताना तो अर्धवर्तुळ व्यासाभोवती सरळ फिरवतो. नंतर उमर खय्यामने, जो रुबायांसाठी आपल्याला माहीत आहे पण मूळचा कसलेला गणिती होता, भूमितीत हालचाल आणण्याला स्पष्ट हरकत घेतली. बिंदू आणि रेषा या कल्पनेतल्या वस्तू. त्या हलतात म्हणजे नक्की काय होते, हा त्याचा सवाल रास्त होता. त्याला समाधानकारक उत्तर मिळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

आपल्याकडची परंपरा याबाबतीत कमी सोवळी. यज्ञवेदी आखायच्या शुल्बसूत्रांची भूमिती मुळातच दोरीची आणि खुंटीची, म्हणजे फिरवण्याची. खुंटीभोवती दोरी फिरवून वर्तुळ, वर्तुळांच्या छेदांतून चौरस. चितीच्या विटा रचताना एका थराचे सांधे वरच्या थराच्या सांध्यांवर येऊ नयेत म्हणून थरांची मांडणी बदलायची. भूमिज शैलीच्या मंदिरांत मध्याभोवती चौरस फिरवत नेऊन तारकाकृती तलविन्यास साधलेला दिसतो. आणि भास्कराचार्यांनी 'बीजगणित' या ग्रंथात, बाराव्या शतकात, कर्णाच्या वर्गाची जी उपपत्ती दिली ती तर फिरवण्याचा उत्तम नमुना आहे. 3, 4, 5 बाजूंचा काटकोन त्रिकोण घ्या. कर्णावर, म्हणजे 5 वर, चौरस उभा करा. त्या चौरसाच्या आत हा त्रिकोण एका बाजूला चिकटवून ठेवा, मग चौरसाच्या मध्याभोवती 90 अंशांनी फिरवा, पुन्हा फिरवा, पुन्हा फिरवा. चार त्रिकोण चार बाजूंना बसतात आणि मधे एक छोटा चौरस उरतो, 4 वजा 3 म्हणजे 1 बाजूचा. चार त्रिकोणांचे क्षेत्रफळ 4 गुणिले 6, म्हणजे 24, अधिक मधला 1, एकूण 25. सगळा डोलारा एका विश्वासावर उभा आहे: फिरवल्याने क्षेत्रफळ बदलत नाही. भास्कराचार्यांना हे सांगण्याचीही गरज वाटली नाही. खय्यामने त्यांना अडवले असते.

युक्लिडची पद्धत आपल्याकडे दोन वाटांनी आली. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, लिंबच्या विहिरीचे काम निघाले त्याच सुमारास, सवाई जयसिंगाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटाने अरबीवरून 'रेखागणित' संस्कृतात आणले. पण ते पंडितांपुरते राहिले. शाळेत आला तो इंग्रजी अमलातला युक्लिड, आणि तो असा मुरला की पक्ष, साध्य, सिद्धता हे शब्द नातवाबरोबर आजोबांनाही पाठ असतात. या भागात ते खेड्यापाड्यांत पोचले त्याला रयत शिक्षण संस्थेचा मोठा हातभार लागला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी कराड तालुक्यातल्या काले येथे ती 1919 मध्ये स्थापन केली. सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालयही त्याच वर्षीचे. एरवी शाळेची पायरी न चढलेल्या घरांतली मुले प्रमेये लिहू लागली, हे लहान काम नव्हे. त्या वर्गांतला फळा मात्र पुण्या-मुंबईच्या फळ्यासारखाच होता, पाया खाली आणि शिरोबिंदू वर.

खय्यामला उत्तर मिळाले ते 1872 मध्ये. एर्लांगेन विद्यापीठात प्राध्यापक म्हणून रुजू होताना फेलिक्स क्लाइन या तेविशीतल्या जर्मन गणित्याने एक निबंध मांडला. त्याचे सार असे: भूमिती म्हणजे आकृत्यांची यादी नव्हे, आकृत्यांवर कोणत्या क्रिया करायच्या हे आधी ठरवा, आणि त्या क्रियांनी जे बदलत नाही त्याचा अभ्यास म्हणजे भूमिती. सरकवणे, फिरवणे आणि पालटणे एवढ्यांना मुभा दिली तर लांबी आणि कोन टिकतात. ती आपली एकरूपतेची भूमिती. लहानमोठे करण्यालाही मुभा दिली तर लांबी जाते, कोन आणि प्रमाण टिकते, ती समरूपतेची. आणखी सैल सोडले तर कोनही जातात, समांतरता उरते. इथे हालचाल म्हणजे वस्तू उचलून नेणे उरत नाही. प्रतलातल्या प्रत्येक बिंदूला दुसरा बिंदू नेमून देणारा एक नियम, एवढेच. काही वर्षांनी, 1899 मध्ये, डेव्हिड हिल्बर्टने वेगळी वाट धरली: बाकोबा सिद्ध करण्याच्या फंदात न पडता त्याने तिचा गाभा सरळ गृहीतकांत घातला. आज शाळेत आपण बाकोबा सिद्ध न करता कसोटी म्हणून देतो, तेव्हा कळत नकळत हिल्बर्टच्या पंगतीला बसतो. आणि दोन आकृत्या एकमेकींवर ठेवून पाहा असे सांगतो, तेव्हा क्लाइनच्या.

क्लाइनची कल्पना शाळेत आणण्याचे प्रयोग विसाव्या शतकात मोठ्या जोमाने झाले आणि बरेचसे आपटले. फ्रान्समधल्या रोयोमाँच्या 1959 च्या परिषदेत जाँ द्यूदोने यांनी युक्लिडला शाळेतून निरोप द्यावा असे ठणकावले. सोव्हिएत संघात कोल्मोगोरोव्ह यांच्यासारख्या अव्वल गणित्याच्या नेतृत्वाखाली 1970 च्या दशकात अशा हालचालींवर उभारलेली पाठ्यपुस्तके आली. शिक्षक हैराण झाले, आणि पुढच्या दशकात पोगोरेलोव्हचे जुन्या वळणाचे पुस्तक त्यांच्या जागी आले. माझ्या मते यात कल्पनेपेक्षा घाईचा दोष अधिक. मुलाने टाचणीभोवती कागद फिरवण्याआधी त्याला 'प्रतलाचे स्वतःवरचे अंतर राखणारे चित्रण' शिकवले, तर दुसरे काय होणार? त्या मानाने सीमूर पेपर्ट आणि सहकाऱ्यांची 1967 ची लोगो ही संगणकभाषा शहाणी. त्यात कासवाला 'पुढे जा, वळ' एवढेच सांगायचे. बहुभुजाकृतीला वळसा घालून कासव मूळ जागी, मूळ दिशेने परत आले की त्याने एकूण 360 अंशांचे वळण घेतलेले असते, बाजू किती का असेनात. बहिर्वक्र बहुभुजाकृतीच्या बाह्यकोनांचे प्रमेय मुलाच्या पायांत उतरते. मोकळ्या पटांगणावर खडूने बहुभुज काढून हे संगणकाशिवायही होते. पुस्तकात तसेच सुचवले आहे.

महाराष्ट्रात 1967 साली बालभारतीची स्थापना झाली, आणि गेल्या काही दशकांत तिची गणिताची पुस्तके कृतींकडे बरीच झुकली. डॉ. मंगला नारळीकर यांच्यासारख्या गणितज्ञ तिच्या गणित समितीचे काम पाहत होत्या, याचा हा परिणाम मानायला हरकत नाही. एकरूपता शिकवताना आकृती उचलून दुसरीवर ठेवा, लागेल तशी फिरवा किंवा पालटा, हे आता आपल्याकडे नवे नाही. अडचण पुढची आहे. फिरवणे प्रकरणाच्या सुरुवातीला येते आणि सिद्धता सुरू झाली की नाहीसे होते. हे पुस्तक त्या पुढच्या भागात शिरते.

एक जागा तपशिलात दाखवतो. दहावीत भूमितीमध्याचे प्रमेय असते. काटकोन त्रिकोण अबक, काटकोन ब ला, ब पासून कर्णावर लंब बड. सिद्ध करायचे की बड चा वर्ग म्हणजे अड गुणिले डक. हुशार मुलेही इथे संगत शिरोबिंदू चुकवतात, कारण एकाच आकृतीत तीन समरूप त्रिकोण तीन ठेवणींत दडलेले असतात आणि पाठ केल्याखेरीज जुळणी ध्यानात राहत नाही. अड 4, डक 9 आणि बड 6 धरा. डाव्या बाजूचा त्रिकोण अडब ट्रेसिंग पेपरवर गिरवा, टाचणी ड वर रोवा आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने 90 अंश फिरवा. अ हा डब या रेषेवर जातो, ड पासून 4 अंतरावर. ब हा डक या रेषेवर जातो, ड पासून 6 अंतरावर. आता फिरवलेला कर्ण आणि बक समांतर आहेत, कारण मूळ अब हा बक ला लंब होता आणि आपण त्याला नेमका काटकोनात वळवला. म्हणजे छोटा त्रिकोण मोठ्याच्या कुशीत बसला. फक्त दीडपट मोठा करायचा बाकी. 4 ची दीडपट 6, 6 ची दीडपट 9. प्रमाण लिहायचे काम उरले: बड भागिले अड बरोबर डक भागिले बड. संगत शिरोबिंदू पाठ करावे लागत नाहीत, ते कुठे गेले हे टाचणीभोवती दिसते. आणि उजव्या-डाव्या त्रिकोणांची जुळणी फेऱ्याने होते, पण पूर्ण त्रिकोण अबक शी अडब ची जुळणी करताना तो पालटावाच लागतो, हेही तिथेच लक्षात येते. तीन त्रिकोणांपैकी एकालाच वर्गात सगळे जण वैतागतात, त्याचे कारण हे आहे.

तसेच चढाचे. अकरावीत लंब रेषांच्या चढांचा गुणाकार उणे 1 असतो हे सूत्र आभाळातून पडल्यासारखे येते. बिंदू (3, 1) आरंभबिंदूभोवती घड्याळाच्या उलट दिशेने 90 अंश फिरवा, तो (−1, 3) वर जातो. चढ एक तृतीयांश होता, उणे 3 झाला. यापुढे समजावून सांगण्यासारखे फार काही राहत नाही.

हे सगळे आताच का, असे कुणी विचारील. एक कारण परीक्षेचे आहे आणि ते मी कमी लेखत नाही; शिष्यवृत्तीपासून स्पर्धा परीक्षांपर्यंत फिरवलेल्या आकृत्या कुणाला चुकलेल्या नाहीत. शेपर्ड आणि मेट्झलर यांनी 1971 मध्ये दाखवून दिले की दोन वस्तू एकच आहेत का हे ठरवायला माणसाला लागणारा वेळ त्यांच्यातल्या कोनाबरोबर सरळ रेषेत वाढतो; जणू डोक्यात ती वस्तू खरोखर फिरवली जाते. ज्याने हाताने पुष्कळ फिरवले आहे त्याला डोक्यात फिरवणे सोपे जाते, असे वर्गात तरी दिसते. सांगली-मिरज-कुपवाडच्या कारखान्यांत लेथवर उभा राहणारा आयटीआयचा मुलगा रोज हेच करतो: कागदावरचा आराखडा डोक्यात वळवून चकमध्ये जॉब कसा धरायचा ते ठरवतो.

पण माझे आवडते कारण तो भाजीच्या गाड्यावरचा क्यूआर कोड आहे. जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने तो 1994 मध्ये आणला. आता तो बालभारतीच्या पुस्तकांतही असतो. नीट पाहा, त्याच्या तीन कोपऱ्यांत मोठे चौकोनी डोळे असतात आणि चौथा कोपरा रिकामा. चारही कोपऱ्यांत डोळे असते तर त्या खुणा 90 अंशांच्या फेऱ्यात स्वतःवर बसल्या असत्या आणि कोणती बाजू वर हे फोनला त्यांवरून कळले नसते. म्हणून सममिती मुद्दाम मोडली आहे. फोन वाकडा धरा, उलटा धरा, तीन डोळे कुठे आहेत ते पाहून तो चित्र मनातल्या मनात सरळ करतो. पाचवीतल्या मुलालाही हे दोन मिनिटांत कळते, फक्त त्याला चौथा कोपरा दाखवणारे कुणीतरी हवे.

पुस्तक काय करत नाही, तेही सांगून ठेवतो. ते सिद्धतेला रजा देत नाही. कागद फिरवून दिसले म्हणजे सिद्ध झाले, असे कुठेही म्हटलेले नाही. फिरवण्याने सिद्धतेची वाट सापडते, लिहायची ती पक्ष-साध्यासकटच. सारण्या आणि समीकरणांनी फिरवणे बाजूला ठेवले आहे, ते पुढच्या इयत्तांचे. त्रिमितीत शिरताना फक्त एक इशारा दिला आहे: प्रतलात एकाच टाचणीभोवती आधी 30 आणि मग 50 अंश फिरवा किंवा उलट करा, फरक पडत नाही, पण डस्टर हातात घेऊन आधी पुढे आणि मग उजवीकडे काटकोनात वळवा, नंतर क्रम बदलून पुन्हा करा, दोन वेळा तो दोन वेगळ्या ठेवणींत येतो. एवढे पाहून घ्यावे आणि थांबावे. ठिपक्यांच्या रांगोळीवर मात्र हात सैल सोडला आहे. सरळ ठिपके आणि सात ते चारचे एकाआड मांडलेले ठिपके यांत कोणते फेरे शक्य असतात आणि कोणते कधीच नसतात, हा विषय आम्हांलाच आवरला नाही.

आकृत्या मुद्दाम वाकड्या छापल्या आहेत. एकही त्रिकोण पायावर बसलेला सापडला तर ती मुद्रितशोधनातली चूक समजावी. गुणधर्म विचारणाऱ्या प्रश्नांची उत्तरे मागे दिलेली नाहीत. पान कोणत्या बाजूने धरले यावर उत्तर अवलंबून असेल तर प्रश्नच पुन्हा वाचावा. सोबत एक ट्रेसिंग पेपरचा ताव आणि जाड पुठ्ठा ठेवावा, नाहीतर टाचणी बाकात रुतते.